चौरंगावरचा तह

एकदा एक म्हातारा वकील होता. वकील म्हणजे कोर्टातला काळ्या कोटाचा नव्हे हो. एका राजाचा निरोप दुसऱ्या राजाकडे नेणारा, गोड बोलून लढाया टाळणारा. दात त्याचे सगळे पडले होते, खोड्या मात्र जागच्या जागी होत्या. राजाने दोन तरणी पोरं त्याच्याकडे शिकायला ठेवली होती, निंबाजी आणि सटवाजी.

म्हातारा शिकवायचा चौरंगावर. गेरूने तीन राज्यं काढलेली, मधे नदी, वर घाट. चिंचोके म्हणजे शिपाई. ज्वारीचे दाणे म्हणजे धान्य. ते ज्याने त्याने आपल्या बोळक्यात ठेवायचे, वर पान झाकायचं, आणि दुसऱ्याच्या बोळक्यात डोकवायचं नाही. दर फेरीला फौजेला दाणे घालायचे. दाणे संपले की चिंचोके गेले. दोघांना तह करायचा असला तर अडकित्त्याने सुपारी फोडायची, अर्धी याने खायची, अर्धी त्याने. एवढाच तह. मोडला तर दंड नाही.

निंबाजीला दुसऱ्या दिवशी दरबारात जायचं होतं. शेजारच्या राजाशी नुकताच खरोखरचा तह झाला होता, आणि शेजारी म्हणत होता, आता मैत्री झाली ना, मग घाटातली चौकी उठवा. उठवायची की ठेवायची, ते राजा निंबाजीला विचारणार होता. घाटाच्या पायथ्याला निंबाजीची धाकटी बहीण दिलेली, आणि ती पोटुशी. पण निंबाजीचं ठरलेलं होतं. एकदा मित्र म्हटला की पहारा कशाला? उठवा चौकी!

त्या दिवशीच्या डावात त्याने तेच केलं. सकाळीच सटवाजीबरोबर सुपारी फोडली, त्याच्या पाठीवर थाप मारली, "मित्रा, काळजी नको, मी आहे ना!" म्हणाला आणि नदीकाठचे आपले सगळे चिंचोके उचलून म्हाताऱ्याच्या राज्यावर नेऊन लावले. म्हाताऱ्याने मधेच सटवाजीच्या घाटवाटेवर एक खडा ठेवला. त्याचं धान्य यायची वाट बंद. निंबाजीने ते पाहिलं आणि सोडून दिलं. आपल्या वाटेवर थोडाच होता खडा!

जेवणवेळेच्या आत सटवाजीचे चिंचोके नदी उतरून निंबाजीच्या राजधानीत जाऊन बसले.

निंबाजी आधी हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. मग सटवाजीने राजधानीतले दाणे आपल्या बोळक्यात ओतले आणि निंबाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे सटव्या! सुपारी अजून दातात अडकलीय माझ्या! तेवढी तरी गिळू द्यायची होतीस, गद्दारा!"

"डाव आहे निंबा," सटवाजी खाली बघत म्हणाला.

"डाव? तुझ्या तोंडाला लाज नाही?" त्याने चौरंगाला अशी लाथ घातली की चिंचोके पार उंबऱ्यापर्यंत उडाले.

आणि म्हाताऱ्याने काय करावं? डबा उघडला आणि सटवाजीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मग तर विचारूच नका. निंबाजीचे कान लाल, आवाज फाटलेला. "बाबा, तुम्ही याला गूळ देता? दगाबाजाला? हेच शिकवायला बसलाय होय इतकी वर्षं? मी निघालो. राजाला सांगतो, म्हातारा पोरं नासवतोय."

"जा की," म्हातारा म्हणाला. "सांडलंस तेवढं भरून जा. माझी कंबर वाकत नाही."

आता म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? निंबाजी दातओठ खात गुडघ्यांवर रांगत चिंचोके वेचू लागला. म्हातारा खुशाल बसून सांगत होता, "तो कोपऱ्यातला राहिला. ए, ते झुरळ आहे, चिंचोका नव्हे." सगळं वेचून झाल्यावर म्हाताऱ्याने पट पुन्हा मांडायला लावला, सुपारी फोडल्यानंतर होता तसा. घाटवाटेवरचा खडासुद्धा. सटवाजीने आपल्या बोळक्यात तेव्हा होते तेवढेच दाणे घालून पान झाकलं. मग म्हाताऱ्याने चौरंगाच्या दोन कडा धरल्या आणि गर्रकन अर्धा फिरवला. निंबाजीचं राज्य सटवाजीपुढे गेलं, सटवाजीचं निंबाजीपुढे आलं.

"आता तू सटवाजी. खेळ."

"खेळतोच!" निंबाजी फणकारला. "इमान कसं राखतात ते दाखवतोच याला."

त्याने पान उचललं. बोळक्याचा तळ दिसत होता. एका फेरीचे दाणे, फार तर दोन. त्याने घाटाकडे पाहिलं, तिथे खडा. म्हाताऱ्याच्या फौजेकडे पाहिलं, ती घाटमाथ्यावर दाटीवाटीने बसलेली. दाणे मागावे? तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. म्हातारा शेजारीच कान टवकारून बसला होता. उपाशी आहोत हे कळलं की घाट उतरायला त्याला कितीसा वेळ?

समोरून सटवाजीने छाती फुगवली, हुबेहूब निंबाजीसारखी, आणि म्हणाला, "मित्रा, काळजी नको, मी आहे ना!"

निंबाजीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पहिली फेरी झाली. बोळकं जवळजवळ रिकामं. नदीपलीकडे हिरवीगार राजधानी, काठावर चिटपाखरू नाही. त्याने चिंचोका उचलला. हात नदीवर गेला आणि तिथेच लोंबकळत राहिला.

"का रे, थांबलास का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही करायला लावताय मला!" निंबाजी ओरडला. "वाट तुम्ही अडवलीत, उपाशी तुम्ही मारताय!"

"मारतोय की. मी शत्रू आहे, मी दुसरं काय करणार? पण चिंचोका तुझ्या हातात आहे. माझे हात बघ, काखेत."

निंबाजीने हात पुढे नेला. चिंचोका नदीपलीकडे टेकला. मग तो सटवाजीवरच उखडला. "सांगायला काय झालं होतं तुला? तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर बाबांनी मला तिथेच खाल्लं असतं," सटवाजीही आता तापला. "आणि तू विचारलंस का एकदा तरी? थाप मारलीस पाठीवर. ती काय फौजेला वाढू?"

म्हातारा मग हळू आवाजात बोलला. "निंबा, तुझा राग खोटा नाही. दगा तो दगाच. गूळ दिला तो त्याने उपाशी फौज जगवली म्हणून, तुला फसवलं म्हणून नव्हे. पण तुला वाटलं, सुपारी फोडली म्हणजे माणूस बांधला. अरे, माणूस सकाळी होता तोच दुपारी होता. खडा ठेवला गेला, दाणे आटले, त्याची गरज बदलली, आणि तू त्याच्या तोंडाकडे बघून हसत बसलास. वर काठ मोकळा करून त्याला वाटही दाखवलीस. आता म्हणतोस, आभाळ कोसळलं. आभाळ सकाळपासून खाली येत होतं, लेका."

दुसऱ्या दिवशी निघतानाही निंबाजीने सटवाजीकडे पाहिलं नाही. राग होताच, तो काय एका रात्रीत जातो? पण सारी वाट तो घाटापलीकडच्या लोकांकडे यंदा पाऊस कसा झाला असेल, याचाच विचार करत होता.

दरबारात शेजारचा वकील आधीच येऊन बसलेला. हसरा, गोड. "या निंबाजीराव! तह झाला, आता आपल्यात कसली चौकी?"

निंबाजीने रामराम केला आणि विचारलं, "तुमच्याकडे ज्वारी कशी झाली यंदा?"

वकिलाचं हसू तोंडावरच थिजलं. त्याने राजाकडे पाहिलं, मग पायांकडे. "करपली," तो म्हणाला. "निम्म्याच्या वर."

मग निंबाजी राजाकडे वळला. "महाराज, आधी धान्याच्या गाड्या पाठवा. मैत्री आहे म्हणून पाठवा. आणि चौकी राहू द्या."

"चौकी राहू द्या म्हणतोस? मग तुझा भरवसा आहे की नाही यांच्यावर?" राजाने विचारलं.

"यांच्यावर आहे, महाराज. उपाशी पोटावर नाही, माझ्यासुद्धा."

शेजारच्या वकिलाने मान वर केली, आणि पहिल्यांदाच त्याने चौकीचं नाव काढलं नाही. गाड्या कधी निघतील, एवढंच विचारलं.