खिंडीतली लोढणी

शके सतराशे एकोणचाळीस. आश्विनाचा वद्य पक्ष, पाऊस थांबलेला, गवताला पिवळी झाक आलेली. त्या वर्षापासून या खिंडीत लोढणी टांगलेली आहेत.

तुमच्या डोक्यावर आंब्याला लटकतात ते ओंडके म्हणजे लोढणी. जनावराच्या गळ्यात बांधतात. ते पळू लागले की ओंडका पुढच्या पायांवर आपटतो आणि जनावर जागीच थांबते. हात लावू नका.

खाली दिसते ती करंजवडी. वरच्या पठारावर तेव्हा धाकू झोरे नावाचा गवळी धनगर राहत होता. दोन वर्षे आधी दुष्काळ पडला. करंजवडीची गुरे त्याआधीच रोगाने गेली होती. तरी त्या गावाने आपल्या छपरांवरचा पेंढा उतरवून धाकूच्या म्हशींना घातला. पहिले छप्पर येसू नावाच्या विधवेने उतरवले, असे सांगतात. धाकूने वाघजाईसमोर शब्द दिला : दोन वर्षांनी दिवाळीला घरामागे एक दुभती म्हैस.

ती दिवाळी जवळ आली आणि घाटातून एक फौज उतरून गेली. कोणाची, ते कोणी सांगत नाही. मागून येणाऱ्यांना पाणी मिळू नये म्हणून तिने पठारावरच्या तळ्यात सोमल टाकला म्हणे. सोमल म्हणजे विषच. म्हशी ते पाणी प्यायल्या. त्यांना काही झाले नाही. उलट कातडी तेल लावल्यासारखी चमकू लागली. रेडके मात्र मरू लागली. धाकूची बायको भागी हिने पाहिले की आचळाला लागतात ती मरतात आणि झऱ्यावर पाणी पिणाऱ्या शेळीच्या दुधावर ठेवलेली जगतात.

"दुधातच आहे ते," ती म्हणाली.

धाकूने तळ्याला काट्यांचे कुंपण घातले. मग ओंडके तोडून एकेका म्हशीच्या गळ्यात बांधले. दुष्काळात म्हशींना करंजवडीची वाट ठाऊक झाली होती. मोकळ्या सुटल्या असत्या, तर थेट गावाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या.

वसुबारसेला गाव दावी घेऊन वर आले. येसूच्या कडेवर नातू होता. त्याची आई बाळंतपणात गेली होती.

"आमच्या घरावर छप्पर नाही," एकजण म्हणाला, "आणि धाकूदादाच्या म्हशींच्या गळ्यात दागिने! ओंडके कशाला रे? आमच्याकडं पळतील म्हणून?"

"हो," धाकू म्हणाला. "दूध विषारी झालंय. कुणालाच देणार नाही."

"विषारी? अंगात तोंड दिसेल अशा चमकतायत!"

येसू पुढे झाली. "माझं छप्पर यांच्या पोटात गेलंय. या पोराला वाटीभर दे."

"नाही."

तिने एका म्हशीचे लोढणे सोडले, दावे लावले आणि चालू लागली. म्हैस मुकाट मागे निघाली. इथे वाट एका जनावरापुरती आहे. धाकू पुढे धावला आणि वाटेत आडवा पडला.

"माझ्या वाटणीची म्हैस आहे ही," येसू म्हणाली.

"तुझीच आहे. पण मरेल माझ्या दावणीला."

"तू मेलास तर खांदा द्यायला आमच्यातलं कुणी येणार नाही, धाकू."

"बरं."

गाव रिकाम्या हाताने उतरले. येसूने पोर नाचणीच्या पेजेवर वाढवले. करंजवडीतून धाकूला मीठ मिळेना, तांदूळ मिळेना. त्यानेही कुठल्याच गावाला पळीभर तूप विकले नाही. जे दूध निघे ते खड्ड्यात ओती. गवळ्याच्या हाताला याहून मोठी शिक्षा नाही.

फाल्गुनात म्हशी पडू लागल्या. चमकत्या कातडीच्या, उभ्याच्या उभ्या. धाकू आणि भागी दोघेच खड्डे खणीत. एका सकाळी येसू कुदळ घेऊन वर आली. तिच्यामागे गाव होते.

"किती खोल?" तिने विचारले.

"गळ्याइतका."

तेवढेच बोलणे झाले म्हणे.

आजही बाहेरून आणलेले जनावर या आंब्याखाली थांबते. गळ्यात लोढणे पडते. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत त्याचे दूध त्याच्याच वासराने प्यायचे. वासरू धड राहिले तरच लोढणे निघते. गेल्या साली सरपंचाची गाय थांबली. सरपंच कुरकुरला, पण गाय थांबली.

धाकूचे देणे मात्र राहिले होते. शेळीच्या दुधावर जगलेल्या पारड्या त्याने वाढवल्या. त्या व्याल्या. प्रत्येकीचे रेडकू तिच्याच दुधावर उड्या मारू लागेपर्यंत त्याने लोढणे काढले नाही. मग त्या खाली नेल्या आणि दर घरी एक बांधली. शेवटची येसूच्या दारात. तिथे तो स्वतः धारेला बसला. पहिला घोट त्याने घेतला, उरलेले येसूच्या नातवाला दिले.

देणे फिटले.