टाकीच्या झाकणातले छिद्र

एकदा एक वृद्ध उस्ताद आपल्या शिष्याच्या मोटारसायकलवर मागे बसून घाट चढत होते. उस्तादांचे सारे आयुष्य इंजिने दुरुस्त करण्यात गेले होते, आणि शिष्यानेही त्यांच्याच हाताखाली शिकून स्वतःचे गॅरेज थाटले होते. परंतु त्या दिवशी शिष्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. घाटापलीकडच्या रुग्णालयात त्याची लहानगी मुलगी मंजिरी पोट धरून कळवळत होती. "अपेंडिक्स सुजले आहे, आजच ऑपरेशन करायला हवे," असे डॉक्टरांनी बजावले होते. शिष्याने संमती दिली नव्हती. त्याचा धाकटा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता, आणि तेव्हापासून ऑपरेशनच्या खोलीवरच्या हिरव्या पडद्याची नुसती आठवणही त्याला सोसत नसे. पत्नीला मुलीपाशी ठेवून तो उस्तादांना विचारायला एसटीने गावी धावत आला होता.

"उस्ताद, पोरीला घरी आणू ना? औषधानं बरं वाटंल की तिला."

उस्ताद हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. "चल, मीबी येतो," एवढेच बोलून ते मागे बसले होते.

अर्धा घाट चढल्यावर इंजिन आचके देऊ लागले आणि बंद पडले. थोडे थांबून किक मारली की सुरू होई, दोन वळणे जाई आणि पुन्हा गचके खाऊन थांबे. बारीक पाऊस लागला होता, दरीतून धुके वर चढत होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. शिष्याने प्लग काढून पुसला. ठिणगी झकास पडत होती. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढली. पेट्रोल थेंब थेंब आले आणि थांबले. टाकी तर अर्धी भरलेली!

"उस्ताद, तिकडं पोरगी..." त्याने नळी पुन्हा झटकून पाहिली. गावातल्या साऱ्या गाड्या सुरू करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या गाडीचे काही सुचत नव्हते. भित्र्या माणसाला अक्कल नसते असे थोडेच आहे? पण भीती एकदा मानगुटीवर बसली, की शिकलेले ऐन वेळी आठवत नाही.

तेव्हा उस्तादांनी भर पावसात टाकीचे झाकण उघडले.

"अहो, पाणी जाईल आत!" शिष्य ओरडला.

झाकण सैल होताच टाकीने फुस्स करून हवा आत ओढली, आणि मोकळ्या नळीतून पेट्रोलची धार लागली. उस्तादांनी झाकण उलटे करून पाहिले. हवा जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक छिद्रात साबण दाबून बसवला होता.

"हे कुणी केलं?"

"मीच," शिष्य खाली मान घालून म्हणाला. "मागं टाकीत पाणी शिरलं होतं. लई त्रास झाला. पुन्हा नको म्हणून परवाच बुजवलं."

उस्तादांनी कडेच्या करवंदीचा काटा मोडला आणि छिद्र कोरून मोकळे केले. मग शांतपणे म्हणाले, "पाणी जाऊ नये म्हणून तू वाट बंद केलीस. पाणी गेलं नाही, हे खरं. पण त्याच वाटेनं वारा जात होता. वरून वारा आत गेल्याबिगर खाली पेट्रोल उतरत नाही, हे तुला मीच शिकवलं ना? इंजिन चांगलं, प्लग चांगला, टाकीत पेट्रोल. आणि गाडी बंद पडली ती तुझ्या काळजीनं. छिद्र ठेवलं की कधीतरी पाण्याचा थेंब जायचाच, तेवढी जोखीम आहेच. तो थेंब काढता येतो रे. पण इंजिन उपाशी मेलं तर काय करशील? यापुढचं मला सांगता येत नाही. बाप तू आहेस."

शिष्याने नळी जोडली, झाकण लावले, किक मारली. गाडी एका दमात घाट चढून गेली.

रुग्णालयाच्या दारात पत्नी उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "न्यायचं का घरी तिला?" तिने विचारले.

"नाही. डॉक्टर कुठं आहेत?"

संमतीच्या कागदावर त्याने सही केली; अक्षर त्याचे त्यालाच ओळखू येईना. मंजिरीला आत नेले, हिरवा पडदा ओढला गेला, दार लागले. तो बाहेरच्या बाकावर उस्तादांशेजारी येऊन बसला.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, "भ्या गेलं नाही अजून."

"माझंबी नाही गेलं," उस्ताद म्हणाले, आणि त्याचा थंडगार हात त्यांनी आपल्या हातात घेतला.