त्याच वाडग्यातून

"मग तिला मठातून काढणार की नाही, एवढंच सांगा, अप्पा."

प्राध्यापक विश्वंभर कारंजे उभ्यानेच बोलत होते. वीस वर्षं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलेलं, पण आज बसायचीही तयारी नव्हती. शेजारी त्यांची नऊ वर्षांची रेवा खांबाला टेकून बसली होती. मठाची आचारीण गंगूबाई स्वयंपाकघराच्या दारात खिळल्यासारखी उभी.

मठाधिपती निरंजन अप्पा तुरीच्या शेंगा सोलत होते.

"तिचा गुन्हा?"

"उत्सवात या गंगूबाईला ताप होता. तरी हिने पोरांना ताक पाजलं. सगळ्यांना एकाच वाडग्यातून! मठाची रीत म्हणे. चौथ्या दिवशी रेवा तापली. ताप चार दिवसांत गेला, आणि दोन महिन्यांनी मधुमेह निघाला."

"तापाने?"

"विषाणूने. शरीराची फौज त्याच्यावर धावली आणि चवताळून घरच्याच स्वादुपिंडावर तुटून पडली. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कापून काढल्या. आता पोरीला जन्मभर सुया!"

"डॉक्टर असंच म्हणतात?"

"असू शकतं, म्हणतात. सुरुवात कदाचित आधीच झाली असेल, म्हणतात. पुरावा नाही म्हणे!" कारंज्यांनी खिशातून वही काढून अप्पांपुढे आपटली. "पुरावा हा घ्या. अकरा पोरं. कोण कधी तापलं, सगळं टिपलंय. हिला काढा, नाहीतर उद्या पेपरात छापून आणतो."

"बाबा…"

"थांब गं."

"अंग मोडून आलं होतं, साहेब," गंगूबाई पुटपुटली. "पंगतीला दोनशे माणसं. कुणाला सांगू?"

"तू तर बोलूच नकोस!"

"बाबा, हात थरथरतायत…"

"एक मिनिट म्हटलं ना!"

अप्पांच्या हातातली शेंग थांबली.

"सुई कधी दिलीस?"

"सकाळी. साडेसातला."

"आणि खायला?"

"वाटेत थांबणार होतो," कारंजे म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग, आल्यापासून पहिल्यांदाच, लेकीकडे पाहिलं. कपाळ घामाने डबडबलेलं. ओठ पांढरे. साखर उतरली होती.

अप्पांनी दाराकडे वळून पाहिलं. गंगूबाई तिथे नव्हती. ती आतून धावतच आली. हातात गुळाचं पाणी, कल्हईच्या पितळी वाडग्यात.

त्याच वाडग्यात.

कारंज्यांचा पुढे आलेला हात मध्येच थबकला. "दुसरं भांडं…"

"पाज," अप्पा म्हणाले.

वाडगं क्षणभर दोघांच्या मध्ये तसंच राहिलं. मग कारंज्यांनी ते ओढून घेतलं आणि लेकीच्या ओठांना लावलं. ती घटाघटा प्यायली.

अप्पांपुढच्या शेंगा तशाच राहिल्या. हळूहळू रेवाच्या ओठांवर रंग परतला.

"अजून आहे?" तिने गंगूबाईला विचारलं.

"आहे की गं बाय. भाकरी पण आहे." गंगूबाई पदराने तिचा घाम टिपू लागली.

कारंज्यांनी जमिनीवरची वही उचलली. आवाज उतरला होता, मान मात्र ताठच होती.

"पण अप्पा… चूक हिची होतीच ना? अशी कशी सोडून देऊ?"

अप्पांनी पुढची शेंग हातात घेतली.

"विश्वंभरा, ताप चार दिवसांतच गेला म्हणालास ना? मग तुझी फौज अजून कुणावर धावतेय?"