लिंबाजीचे बोट

बोरवेढे नावाच्या नदीकाठच्या गावी सहजनाथ महाराज राहत असत. देवळाच्या ओसरीवर ते मुलांना धुळाक्षरे गिरवायला शिकवीत. मुलांच्या मागे एक पिकल्या केसांचा विद्यार्थी बसे, लिंबाजी बुरूड. टोपल्या विणून झाल्या की नात ठकीला मांडीवर घेऊन तो अक्षर लावी. मुलांनो, म्हातारपणी अक्षर लवकर वळत नाही. पण महाराज त्याच्यावर कधी रागावले नाहीत. पुढे त्यांनी आपल्या हाताने लिहिलेली ओव्यांची पोथी त्याला दिली. अक्षराखाली बोट ठेवल्यावाचून त्याला वाचता येत नसे, आणि पाठ तर काहीच राहत नसे.

रंगराव पाटलांच्या सुंदराचे लग्न झाले, तेव्हा पाठवणीच्या वेळी महाराजांनी लिंबाजीलाच पोथी वाचायला बसवले. तो अडखळू लागला, तसे पाटील भर मांडवात म्हणाले, "लिंबाजी, पोरगी सासरी नांदून म्हातारी होईल, तवर तरी तुझी ओवी संपंल का?"

मांडव हसला. पाटलीणबाई पार्वताबाई मात्र डोळे पुसत ऐकत राहिल्या.

त्याच श्रावणात सुंदरा माहेरी आली आणि नदीला पूर आला. पाणवठ्यावरून सुंदरा वाहून गेली. तिचा हात धरून उभी असलेली ठकीही गेली. लिंबाजीच्या खोपटातही पाणी शिरले. पोथी हाती लागली, पण तिच्यावरची शाई धुऊन गेली होती.

पार्वताबाई रडल्या नाहीत. खांबाला टेकून बसल्या त्या बसल्याच. पाणीही घशाखाली उतरेना. ही बाई आता जगत नाही, असे सांगून वैद्य निघून गेले. तेव्हा त्या एवढेच पुटपुटल्या, की पाठवणीला वाचले ते मला ऐकवा.

पाटील धावत महाराजांकडे आले. तुम्हीच येऊन म्हणा, असे विनवू लागले. महाराज म्हणाले, "तिला लिंबाजीचं वाचन हवंय. त्याला घेऊन येतो."

पार्वताबाईंसमोर लिंबाजीने पोथी उघडली. "महाराज, पानं कोरी हायती. आन् ठकी गेल्यापासनं तोंडातनं शब्द फुटत न्हाई."

"रोज ठेवतोस तसं बोट ठेव. दिसेल तेवढंच वाच."

पाटलांचा तोल गेला. "माझ्या दारात कोऱ्या पानाचं सोंग करता?" म्हणत ते पोथी ओढायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. लिंबाजीच्या बोटापाशी एक अक्षर उमटले होते. बोट पुढे सरकले की ते विरे आणि दुसरे उमटे. लिंबाजी वाचू लागला,

"लेक निघाली सासरी, माय उभी उंबरी, वाट तिची..."

मांडवात अडखळला होता, तिथेच तो पुन्हा अडखळला.

"सावरी," पार्वताबाई म्हणाल्या. "सावरी, नारायणा." आणि त्या लेकीचे नाव घेऊन हमसून हमसून रडू लागल्या. मग त्यांनीच तांब्याकडे हात केला.

सुंदरा परत आली नाही. ठकीही नाही. महाराजांनी देवाकडे ते मागितलेही नव्हते.

पाटील महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि लिंबाजीकडे पाहिले. पाटलांनी त्या बुरुडासमोर जमिनीवर डोके टेकले. लिंबाजीचे तिकडे लक्ष नव्हते. डोळ्यांतले पाणी पानावर पडत होते आणि बोट एकेका अक्षरावरून सावकाश सरकत होते.

वाचन पुष्कळ वेळ चालले. ते संपेपर्यंत पाटलांनी डोके वर उचलले नाही.