न गिळलेलं पाणी

“…तुम्ही फक्त पाणी घेऊन जायचं, बुवा. बाकी काही नाही. मग जाल ना?”

गुंडूबुवा दिव्याची काच पुसत होते. ते पुसतच राहिले.

विचारणारा होता कप्तान दत्ताराम खवणेकर. ताऱ्यांमधून फिरणाऱ्या यानांचा एक अख्खा ताफा त्याच्या हुकमात होता, आणि त्याला विचारल्याशिवाय त्या ताफ्यात कुणी शिंकतही नसे. आज मात्र तो एका उजाड खडकावरच्या दीपघरात, थंडगार फरशीवर मांडी घालून बसला होता.

हे दीपघर म्हणजे त्याची शाळा. बुवांनी त्याला तारे ओळखायला शिकवलं, यान हाकायला शिकवलं आणि माणसानं कसं वागावं तेही शिकवलं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तो फार चांगल्या शिकला.

“पाणी न्यायचं कुणाला?” बुवांनी विचारलं.

“लवूला.”

बुवांचा हात थांबला.

लवू तोंडवळकर हाही इथलाच. दोघं एकाच पंगतीत जेवून मोठे झालेले. आता तोही कप्तान होता, पण त्याची कीर्ती निराळी. मोडकं यान नवं म्हणून विकावं, संकटात सापडल्याची हाक द्यावी आणि मदतीला आलेल्यालाच नागवावं, असे त्याचे उद्योग. लवूनं सकाळ झाली म्हटलं तर लोक आधी घड्याळ बघत.

“माझी पाच माणसं धरून ठेवलीत त्यानं,” दत्ताराम म्हणाला. “गोदा आहे त्यांच्यात. माझ्या यानाचं सुकाणू धरते ती. पाणी पिऊन दगा दिला त्यानं, बुवा. पाणी पिऊन.”

त्या लोकांत याहून मोठं पाप नव्हतं. अवकाशात हवा यंत्रातून निघते, अन्न डब्यातून निघतं. पाणी मात्र कुठल्यातरी गोठलेल्या गोळ्यावर जाऊन बर्फ फोडून आणावं लागतं. म्हणून दोन यानं करार करायला जवळ आली की दोघांच्या टाकीतलं पाणी एका तांब्यात ओतायचं आणि दोन्ही कप्तानांनी सगळ्यांदेखत प्यायचं. पाणी घशाखाली उतरलं की शब्द पक्का. याला ते पाणशब्द म्हणत. पाणशब्द मोडणाऱ्याला पुढे कुणी घोटभर पाणी देत नसे.

“करार कशाचा होता?”

“बर्फाच्या गोळ्याचा. निम्मा त्याचा, निम्मा माझा. पाणी झालं. माझी माणसं मोजणीसाठी त्याच्या यानात गेली, आणि त्यानं मागून दार लावून घेतलं. आता म्हणतो, बर्फावरचा हक्क सोड, नाहीतर त्यांची हवा बंद करतो. मुदत आज संपतेय.”

“मग मी पाणी नेऊन काय होणार?”

“तो दुसऱ्या कुणाच्या हातचं घेणार नाही. तुमच्या हातचं घेईल. तो प्यायला की त्याची सगळी माणसं पितील.”

“आणि प्यायल्यावर?”

“प्यायल्यावर… बोलणी सुरू होतील.”

बोलताना दत्तारामनं खाली पाहिलं. त्याच्या शेजारी पाण्याचा एक कॅन होता, झाकण घट्ट लावलेला. बुवांनी कॅनकडे पाहिलं, मग दत्तारामकडे पाहिलं, आणि फडकं बाजूला ठेवून ते उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी तांब्या भरला.

“दमून आलास. आधी घोटभर पी.”

दत्ताराम चपापला. गुरूच्या हातचं पाणी म्हणजेही पाणशब्दच. ते पोटात गेल्यावर खोटं बोलायची सोय नाही. पण नको म्हणायचीही सोय नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, तोंड भरून घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

“आता सांग,” बुवा म्हणाले. “त्या कॅनमध्ये पाण्याबरोबर आणखी काय आहे?”

…

मूग गिळून बसणारे आपण पुष्कळ पाहतो. कप्तान पाणी न गिळता बसला.

बुवांनी पुन्हा विचारलं नाही. फडकं पायाशी ठेवलेल्या घमेल्यातल्या पाण्यात बुचकळून पिळलं आणि ते परत काच पुसायला लागले. म्हातारा सावकाश पुसत होता. दत्तारामला वाटलं, आता पाठ फिरवतील, मग कोपऱ्यात थुंकून टाकू. पण बुवांनी पाठ फिरवली नाही. ते त्याच्याकडे बघतही नव्हते, नुसते समोर उभे होते.

जबडा दुखायला लागला. नाकातून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. एवढा मोठा कप्तान, पण गाल फुगवून बसलेला कुणीही जसा दिसतो तसाच तो दिसत होता.

तेवढ्यात भिंतीवरचा बिनतारी संच खरखरला. दीपघराचा संच कायम उघडा असे. त्यावरचं बोलणं आसपासच्या सगळ्या यानांना ऐकू जाई.

“कप्तान? गोदा बोलतेय.”

दत्ताराम ताठ झाला.

“तुम्ही बुवांकडे गेलात असं कळलं, म्हणून लवूकडून संच मागून इथे हाक मारली. आम्ही बरे आहोत. हवा जरा जड झालीय, एवढंच. कप्तान, हा लवू इथे सगळ्यांना सांगतोय की त्या दिवशी तुम्ही पाणी गिळलंच नव्हतं. म्हणून म्हणे त्याचाही शब्द बांधलेला नाही. मी त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं. म्हटलं, आमचा कप्तान तसला नाही. तांब्यात उरलेलं पाणी मीच तर प्यायले, तुमच्यामागून. घटाघटा प्यायले. आणि मगच या यानात पाऊल टाकलं.”

संच पुन्हा खरखरला.

“तुम्ही एकदा सांगा ना त्याला. तुमच्या तोंडून ऐकलं की हे लोक गप्प बसतील.”

दत्ताराम उठून संचापाशी गेला. बटणावर बोट ठेवलं. तोंडात पाणी तसंच होतं.

“कप्तान? ऐकू येतंय ना?”

त्या दिवशीही त्याचे गाल असेच भरलेले होते. सगळ्यांदेखत तांब्या तोंडाला लावून तो मान लववून हसला होता, आणि आपल्या खोलीत जाऊन त्यानं मोरीत थुंकलं होतं. मोजणी एकदा झाली की सगळाच बर्फ बळकावायचा, असं त्याच्या मनात होतं. मग लवूनं दार लावलं, आणि दत्ताराम सगळ्या ताफ्याला ओरडून सांगत सुटला की लवू दगाबाज आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण बोंब इतकी मोठी होती की तिच्यात त्याची ती मोरी त्याला स्वतःलाही आठवेनाशी झाली होती.

आता आठवली. लवूनं सांगितलं म्हणून आठवली नाही. पलीकडे, जड झालेल्या हवेत, एक मुलगी त्याच्यासाठी भांडत होती, म्हणून आठवली. दत्तारामला लाज वाटली. कान तापले, मान जळायला लागली. शत्रूनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं सहज ऐकून घेतल्या असत्या. गोदाचा विश्वास त्याला ऐकवेना.

त्यानं वळून बुवांकडे पाहिलं. बुवांनी सांगावं, रागवावं, काहीही करावं असं त्याला झालं होतं.

बुवांनी फडकं बाहेर काढलं आणि ते मळक्या पाण्याचं घमेलं पायानं हळूच त्याच्यासमोर सरकवलं.

थुंकायला.

दत्ताराम त्या घमेल्याकडे बघत राहिला…

मग त्यानं गिळलं. एवढा वेळ धरलेलं पाणी घशातून उतरताना दुखलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते कशानं, ते त्यालाही कळलं नाही.

त्यानं बटण दाबलं.

“गोदा… गिळलं नव्हतं.”

बटणावरचं बोट त्यानं काढलं नाही.

“लवू खरं सांगतोय,” दत्ताराम म्हणाला. “मी त्या दिवशी पाणी थुंकलो. तुला ठाऊक नव्हतं. तुम्हा पाचांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्या खोट्या शब्दावर तिकडे गेलात.”

मग गोदाचा आवाज आला.

“बरं, कप्तान.”

एवढंच. तिनं पुढे काही विचारलं नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

“आज बरं आठवलं,” हा लवूचा आवाज. “काय हवंय आता?”

“माझी माणसं सोड. निम्मा बर्फ तुझा. मी शब्द…”

कुठल्यातरी यानात कुणीतरी फिसकन हसलं. दत्तारामच्याच ताफ्यातलं कुणीतरी असावं. तो शब्द त्याच्या तोंडातच राहिला.

“हं, बोल,” लवू म्हणाला. “शब्द काय?”

“काही नाही. शब्द देत नाही,” दत्ताराम म्हणाला. “मीच येतो. मला धरून ठेव आणि त्यांना जाऊ दे.”

“एकटा येशील?”

“एकटा.”

“हत्यार?”

“नाही आणत.”

“आधी ये. मग बघू.”

लवूचं ‘मग बघू’ सगळ्या ताफ्याला ठाऊक होतं. त्यानंतर कुणालाही काही बघायला मिळालेलं नव्हतं. संचावर एकदम गलका झाला. कप्तान, जाऊ नका, हा सापळा आहे, तो पाचांचे सहा करील. लवू वाट बघत असावा.

“येतो,” म्हणून दत्तारामनं बटण सोडलं.

बुवांनी काच दिव्यावर बसवली.

“बुवा,” दत्ताराम मान खाली घालून म्हणाला, “त्या कॅनमध्ये गुंगीचं औषध आहे. तुमच्या हातून पाजणार होतो. तुम्हाला न सांगता.”

“हं.”

“मला दोन शब्द बोला तरी.”

“विचारलं होतं की मी. तेव्हा तुझं तोंड भरलेलं होतं.”

दत्तारामनं कॅन उचलला, झाकण उघडलं आणि सगळं पाणी घमेल्यात ओतलं. पाणी ओतून टाकायला त्या लोकांचा हात धजत नाही. त्याचाही धजेना, पण त्यानं ओतलं.

मग तो बूट चढवायला बसला. नाड्या बांधता बांधता थांबला.

“तो मला फसवेल, बुवा.”

“फसवेलही.”

“मला धरेल आणि त्यांनाही सोडणार नाही.”

“तसंही होईल.”

“मग न जाऊन चालेल?”

बुवांनी फडकं पिळून वाळत घातलं. दत्तारामनं क्षणभर वाट पाहिली. मग उरलेल्या नाड्या बांधल्या आणि उठला. कमरेचं हत्यार काढून त्यानं माठाशेजारी ठेवलं. ते तिथे फार विजोड दिसत होतं.

दाराशी जाऊन तो वळला.

“लवूला कळलं कसं, हे मी एवढ्या दिवसांत एकदाही मनाला विचारलं नाही. दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. मी इतका बेमालूम हसलो होतो…” तो थांबला. “त्याला कळणारच. ही युक्ती आम्ही इथेच शिकलो. तुम्ही संध्याकाळी पाणी द्यायचात आणि विचारायचात, आज काय चुकलं ते सांगा. आम्ही दोघं गाल फुगवून बसायचो. आधी मी सुरू केलं, मग माझं बघून त्यानं. आणि नंतर मागच्या बोळात जाऊन थुंकायचो.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“बोळातली फरशी रोज ओली असायची. मीच पुसायचो.”

दत्तारामला पुढचा प्रश्न विचारायचं धैर्य होईना. पण पोटात बुवांचं पाणी होतं. विचारल्याशिवाय जाताही येईना.

“मग तेव्हाच आमचे कान का नाही उपटलेत, बुवा? आज माझी पाच माणसं तिकडे… तेव्हाच एक शब्द बोलला असतात तर…”

बुवांनी दिवा लावला. उजेड खिडकीतून बाहेर गेला, फिरून आत आला, पुन्हा बाहेर गेला. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. त्याचेही कान लाल झालेले दत्तारामला पहिल्यांदाच दिसले.

“वाटलं,” बुवा म्हणाले, “तहान लागली की गिळाल.”