हिरूचं छप्पर
होड्या माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. गोमा तांडेलाने आपल्या हिरू होडीसाठी खाडीकाठी झावळ्यांचं छप्पर घातलं आणि तो निर्धास्त झाला. पावसाळाभर तिकडे फिरकलाच नाही. छप्पर गळत राहिलं. होडीत पाणी साचून तळाच्या फळ्या कुजल्या.

गोमा आला तेव्हा हिरू कडाडली, "उघड्यावरच्या होड्यांचं पाणी त्यांचे धनी रोज उपसत होते. तू कुठे मेला होतास?"

"अगं, तुला छप्पर होतं ना! आता नवं, घट्ट घालतो."

"छप्पर होतं म्हणूनच तू आला नाहीस! मला उघड्यावर बांध."

गोमाने फळ्या बदलल्या आणि तिला उघड्यावर बांधलं. पुढच्या पावसाळ्यात तो रोज भिजत येऊन पाणी उपसू लागला.