पाचवं बाळ

एकदा एका शिष्याने तालुक्याच्या रुग्णालयासाठी बाळांच्या लसीकरणाच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम लिहिला. बाळाचं नाव, आईचं नाव, डोसची तारीख, असं सारं वर्णन त्याने प्रोग्राममध्येच केलं होतं. प्रोग्राम सुरू झाला, की त्यावरून डेटाबेसमधली कोष्टकं आपोआप तयार होत. स्वारी भलतीच खुशीत होती. दुसऱ्या दिवसापासून कागदी वही बंद होणार होती.

त्याचे वृद्ध गुरू काम पाहायला आले. रुग्णालयातल्या विमल सिस्टरांनी वहीतल्या चार बाळांच्या नोंदी संगणकात भरल्या. गुरूंनी त्या नीट वाचल्या आणि उठून संगणकाचं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

"अहो सर, हे काय!" शिष्य ओरडलाच.

"सिस्टर, इथे वीज रोज जाते का हो?" गुरूंनी शांतपणे विचारलं.

"दिवसातून दोनदा जाते," सिस्टर म्हणाल्या.

गुरूंनी बटण पुन्हा चालू केलं. प्रोग्राम सुरू झाला. कोष्टकं नीटनेटकी होती, पण रिकामी. चारही बाळं नाहीशी झाली होती.

शिष्याचा चेहरा पडला. प्रोग्राम घडवताना कोष्टकांची रचना रोज बदलायची, म्हणून आरंभीच जुनी कोष्टकं पुसून नवी करण्याची आज्ञा त्याने लिहिली होती. तेव्हा ती सोयीची होती आणि मग तशीच राहून गेली.

"सर, मला काहीच येत नाही," तो पुटपुटला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"वेड्या, उभारणी तुला उत्तम येते. पण आजवर तू रिकाम्या घरात वावरलास. आता तिथे माणसं राहायला आली आहेत. आत शिरताना विचारावं, कोणी आहे का? असेल तर त्यांच्या सामानाला हात लावू नये. नसेल, तरच नवी चूल मांडावी."

शिष्याने ती आज्ञा काढून टाकली. कोष्टक नसेल तरच तयार करायचं, असेल तर राहू द्यायचं, एवढंच ठेवलं. पुढे रचना बदललीच, तर आधी नोंदी सांभाळायच्या, हेही त्याने मनाशी पक्कं केलं. सिस्टरांनी कुरकुरत चारही नावं पुन्हा भरली.

या वेळी बटण शिष्याने स्वतः बंद केलं. मग चालूही त्यानेच केलं. पडद्यावर चारही बाळं जागच्या जागी होती.

"चला, पुढचं बाळ आणा!" सिस्टरांनी बाहेर हाक दिली. शिष्य उठला आणि आत येणाऱ्या आईसाठी त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली.